थोरल्याचं बटण

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही तिघं बरे आहोत. (आईला किंचित सर्दी आहे, पण "बरे" लिहायला तिची हरकत नाही. विचारून घेतलं.) तुमचा गुडघा कसा आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. चार रविवार तुम्ही आला नाहीत, फोन उचलत नाही, आणि येत्या रविवारी सकाळी बास्केटबॉलची अंतिम मालिका सुरू होते आहे. ती तुम्ही नेहमीसारखी आमच्याकडे येऊन बघावी, एवढ्यासाठीच हे पत्र. पुढे मी भरकटणार आहे, तेव्हा हेतू लपवला असं व्हायला नको म्हणून आधीच सांगून टाकलं.

त्या दिवसाचं पहिल्यापासून लिहिते, कारण माझं नेमकं कुठे चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही. मालिका संपली की आपला संघ थोरल्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकणार अशी बातमी होती. (थोरला म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला नकोच, संघातल्या त्या सगळ्यांत जुन्या खेळाडूचं खरं नाव आईला उच्चारता येत नाही म्हणून तुम्हीच ठेवलेलं ते नाव.) आपल्या शिरस्त्याप्रमाणे आपण आईच्या शिवणाचं कापड कापायच्या टेबलावर बटणं मांडली. शर्टाची बटणं म्हणजे साधे खेळाडू, कोटाचं पितळी बटण म्हणजे थोरला, आणि पुढच्या वर्षी नवा खेळाडू सगळ्यांआधी निवडायची पाळी म्हणजे सेफ्टी पिन, कारण तिथे कोण येणार ते कुणालाच माहीत नसतं आणि टोचण्याची शक्यता असते. बाबांनी थोरल्याला मापाच्या टेपपलीकडे ढकललं आणि बदल्यात दोन शर्टाची बटणं नि एक पिन अलीकडे ओढली. तुम्ही म्हणालात, "दाजी, एवढ्यात त्याचा डावा हातसुद्धा येत नाही."

बाबांचं तुम्ही जाणताच. बत्तीस वर्षं ते वजनकाट्यावर आहेत. भरल्या ट्रकमधून रिकामा ट्रक वजा केल्याशिवाय त्यांना कशाचीच किंमत कळत नाही. ते म्हणाले, "नाव वजा कर. मागची वर्षं वजा कर. उरला गुडघा गेलेला माणूस. त्याला काय नुसतं बसवून ठेवायचं?" तुम्ही गुडघ्यापायी छापखाना सोडून घरी बसलात, त्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. बाबांच्या ते ध्यानात आलं नाही, मी खात्री करून घेतली आहे. ध्यानात आलं तुम्ही गेल्यावर.

पण घाव बाबांचा नव्हता, माझा होता. एक मत इकडे, एक तिकडे झालं की निकाल माझा. (आई मत देत नाही, टेबल मागते.) मी वही काढली. तीन वर्षांतले त्याचे लागलेले नेम, चुकलेले नेम, बाकावर बसून काढलेले सामने. नेम शेकडा एकोणचाळीसच लागलेले. मामा, टक्केवारी मला शाळेच्या आधी तुम्ही शिकवलीत, त्याच टेबलाशी, दहापैकी किती बटणं डब्यात पडली ते मोजायला लावून. मनासारखा आकडा येईपर्यंत पुन्हा टाकायचं नाही, हेही तुमचंच. म्हणून मी बाबांच्या बाजूने मत दिलं. तुम्ही "हुशार केलं तुला" एवढंच म्हणालात आणि चहा अर्धा टाकून गेलात. (खऱ्या संघाने थोरल्याला अजून दिलेलं नाही. दिलं ते फक्त आपण.)

यानंतरची आपत्ती तुम्हाला ठाऊक नाही. टेपपलीकडे गेलेलं बटण टेबलाच्या कडेला पडून होतं, आणि शेजारी आपल्या चौकातल्या दातांच्या डॉक्टरांचा कोट, तिसरं बटण तुटलेला. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी थोरल्याला त्या कोटावर पक्कं शिवलं, चार वेळा दोरा फिरवून, आणि इस्त्री करून कोट पाठवून दिला.

दोन दिवसांनी लक्षात आलं तशी दवाखान्यात गेले. कोट समोर खुंटीवरच होता आणि कात्री माझ्या पिशवीत होती. पण दुसऱ्याच्या कोटाचं बटण न विचारता कापणं ही चोरीच, मग बटण आपलं का असेना. आणि विचारायचं तर कारण सांगावं लागणार. या विचारात असताना माझा नंबर आला. (नंबर मी लावला नव्हता. दारातल्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंनी नाव विचारलं म्हणून सांगितलं.) डॉक्टर म्हणाले, कुठे दुखतंय? खोटं बोलवेना, म्हणून म्हटलं, दाखवता येण्यासारखं नाही. त्यांनी शोधून काढलं. उजवी दाढ. ती भरून झाल्यावर अर्ध्या बधिर तोंडाने मी त्यांना थोरला, टेप, पिन, तुम्ही, सगळं सांगितलं.

मामा, ते निघाले आपल्याच संघाच्या बाजूचे. हातमोजे काढायचे थांबले. "थोरला? दोन पोरांवर आणि एका पिनेवर? कुणी केला हा सौदा?"

मी म्हटलं, मी.

"मग बटण मिळणार नाही. तुम्ही परत कुणाला तरी देऊन टाकाल." आणि मग म्हणाले, "तो नुसता बाकावर बसला ना, तरी पोरं पास देण्याआधी एकदा त्याच्याकडे बघतात. हे तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिता?"

मी घरी येऊन पाहिलं. असा रकाना नाही. आणि मला आठवलं, निकाल देण्याआधी मीसुद्धा दर वेळी एकदा तुमच्याकडे बघायची. त्या दिवशी वहीकडे बघितलं.

डॉक्टर रविवारी कोट घालून येणार आहेत. बटण ते फक्त थोरल्याच्या बाजूने बोललेल्या माणसाच्या हातात देणार, दुसऱ्या कुणाच्या नाही. थोरल्याची आपल्या संघातली ही कदाचित शेवटची मालिका आहे. या ना.

तुमची,
भाची

ता. क. मी हिशोब पुन्हा केला. उत्तर एकोणचाळीसच आलं. मत मागे घेते. ही वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत हे मला कळतं.

ता. क. आईने पत्र वाचलं. ती म्हणते, डब्यात तसलीच आणखी अकरा पितळी बटणं आहेत, त्याला सांग. तेव्हा बटणासाठी येण्याची तशी गरज नाही. हे लपवणं बरं दिसलं नसतं.

ता. क. मुख्य काम राहिलंच. खुर्चीत बसल्यावर दुखरा पाय जमिनीपासून किती उंच ठेवला की कळ थांबते, ते टेपने मोजून लगेच कळवावं. तीन दिवस आमच्या मागच्या दाराशी लाकडी खोके कापणं चालू आहे. पहिला उंच झाला, दुसरा कापता कापता बुटका झाला, आता तिसरा आणलाय. कोण कापतंय ते तुम्हाला कळवायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे, म्हणून ते लिहीत नाही.