साबण चालत नाही

हिंगाचा डोंगर, ८ मे

प्रिय झुलैखो आपास, धाकट्या ओयनिसोचा सलाम. वि. वि.

इथं फोन लागत नाही, म्हणून ट्रकवाल्या रजबालीकडे चिठ्ठी देतेय. अक्षराला हसू नकोस.

आपा, मला भीती वाटतेय. नेकरूझ अंगावर पीत नाही. छातीशी धरलं की तोंड फिरवतो. रोज हिंगाच्या मुळाला काप द्यायचा, चीक खरवडायचा. तो वास माझ्या कातडीत शिरलाय. नुसत्या पाण्यानं जात नाही. आणि इथं साबण चालत नाही. माल सेंद्रिय, म्हणून खत नाही, फवारा नाही, ओढ्यात फेससुद्धा नाही. परदेशी साहेब येऊन माती तपासतात. मुकादम म्हणतो, एका बाईपायी सगळ्या डोंगराचा माल परत येईल.

हा हिंग हिंदुस्तानात जातो म्हणे. तिथं बाळाचं पोट दुखलं की बेंबीला लावतात. त्यांच्या पोरांना चालतो, माझ्याच पोराला का गं नाही?

शेळीचं दूध ओकतो. टाळू खोल गेलीय. तू तुझ्या लेकीला, सबोहतला पाजतेस, तसं यालाही पाज. दोघांच्या सदऱ्यांची टोकं फाडून आपण सोयरीक केली, ते विसरले नाही. एका दुधाची झाली की बहीणभाऊ, लग्न मोडलं. मोडू दे. पोरगा राहू दे. रशियातून ह्यांचा काही निरोप नाही, मी काम सोडलं तर खायचं काय?

तुझी माया आहेच, आता दुधाला नाही म्हणू नकोस.

तुझी ओयनिसो


वोसे, १३ मे

लाडक्या ओयनिसोस आपाचा दुवा.

अगं, मुंगीचे पाय शाईत बुडवून लिहिलंस का? वाचताना डोळे गेले.

आधी सासूबाई भडकल्या. म्हणाल्या, हातचा जावई घालवतेस, पोराचं नाक धरून पाज म्हणावं तिला. मग म्हणाल्या, मुल्लांना विचारू. ते परगावी, काल आले. म्हणाले, जीव आधी, सोयरीक मागून. आता सासूबाई स्वतःच पाळणा पुसतायत.

पोराला रजबालीबरोबर लगेच पाठव. तुझ्या ओढणीत गुंडाळू नकोस हं, वासानं ट्रक उलटेल! माझी छाती भरलीय. वाट बघते.

जीवाला जप.

तुझी आपा


हिंगाचा डोंगर, १५ मे

आपास सलाम.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी नेकरूझला न्हाऊ घालत होते. पहाटे गेला. रडलाही नाही.

मुकादमानं स्वतः साबण आणून दिला. गुलाबी, वासाचा. खाली बघत म्हणाला, ओढ्यावरच धू बहिणी, कुणी काही म्हणणार नाही.

सासूबाईंना बोल लावू नकोस. नेकरूझच्या सदऱ्याचं ते टोक मात्र टाकू नकोस, मला दे.

त्याला धुता धुता माझे हातही धुतले गेले. आता वास येत नाही, आपा. दूध येतंय.

सबोहतला माझी पापी. माया पातळ करू नकोस.

तुझी ओयनिसो