आखाजीला आलेल्या निंबास

पांडेसरा, सुरत
आखाजीनंतरचा शुक्रवार, १९७४

चि. निंबा यास निंबाचे अनेक आशीर्वाद. (स्वतःला आशीर्वाद देताना हात कुठं ठेवावा हे आपल्या गावच्या शाळेत शिकवलं नव्हतं. मी माझ्याच डोक्यावर ठेवला.) तुझी प्रकृती विचारत नाही, ते गुडघे मीच वापरून संपवले. तू समोर ओट्यावर बसला आहेस, तरी पत्र लिहितो, कारण आखाजीपासून हाका मारतोय आणि तुला ऐकू जात नाही.

झालं असं की अक्षय्य तृतीयेचा दिवस, पितरांना जेवायला बोलवायचं आणि इकडे कारखान्यातल्या पाळीची घाई. घागर भरली, वर डांगराचं फळ ठेवलं, एकेका पितराचं नाव घेत निखाऱ्यावर घासाची आगारी टाकली. वडील झाले, आजोबा झाले, पुढची नावं आठवेनात. म्हणून एकदमच म्हणालो, आमचं जे कोणी गावी राहून गेलं असेल त्यानं यावं. पितर आले असले तरी दिसले नाहीत. पत्र्याची पेटी घेऊन दारात तू उभा, म्हणजे गाव सोडतानाचा मीच, ओठावर ती नवी मिशी. (मला ती शोभते असा माझा समज होता.) मांडे वाढता वाढता सुंदरा तुझ्याकडे बघून हसली. आपली बायको हसते हे मी विसरलो होतो. म्हणाली, "इतला दिन कोठे व्हतात तुम्ही?"

मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

तेव्हापासून शेजारचे मगनभाई तुला 'केम छो' करतात आणि माझ्या पायावर पाय देऊन पुढे जातात. कारखान्यात गेलो, तर माझ्या रंगाच्या हौदाशी तूच कापड ढवळत होतास. बरं ढवळत होतास.

तर आता चार गोष्टी ऐक. भिऊ नकोस. रंग हातावरून जात नाही, जेवताना लाजू नकोस. यंत्रांचा आवाज हळूहळू ऐकू येईनासा होतो. मग बायकोचाही होतो, तेवढं होऊ देऊ नकोस. मी पाळी गाठायची म्हणून देवाला धावताच नमस्कार केला, त्यानंही आशीर्वाद धावताच दिला असावा. तू जरा थांबत जा.

तुझा, म्हणजे आपलाच,
निंबा

ता. क. हे सगळं लिहिलं ते तू पेटी उचलून गावी परत जावंस म्हणून. माझ्या ताटावरून ऊठ.

आणखी एक. राहू दे. सुंदरानं आत्ता एकच ताट मांडलं, आणि ती गुणगुणते आहे. बस, जेव. फक्त पुढच्या आखाजीला आगारी टाकताना घाई करू नकोस, मला नावानं बोलाव. नाव तुझंच आहे, विसरणार नाहीस.