मामा, तुमच्या खोकल्याने नाही

सावळामामा,

१. सोमवारी, ८ तारखेला, सीटी मशीनवर बघत डॉक्टरांनी सुईने तुमच्या फुप्फुसातले चार बारीक तुकडे काढले.
२. दोन तुकडे सलाईनमध्ये ताजे ठेव, असं त्यांनी मला सांगितलं.
३. मी चारही फॉर्मालिनमध्ये टाकले; त्यात तुकडा टिकतो, पण पेशी मरतात. रोज तसेच टाकते, हात तसाच गेला.
४. रिपोर्टमध्ये लिम्फोमाची, म्हणजे गाठींच्या कॅन्सरची शंका आली. त्याचा प्रकार ठरवायला ताज्या पेशी हव्या होत्या. त्या उरल्या नव्हत्या.
५. मी तुम्हाला सांगितलं, नमुना कमी पडला.

त्यावर तुम्ही म्हणालात, "मीच खोकलो गं बबे. डाक्टर दम धर म्हनत हुते. तुज्या सायबाला सांग, म्हाताऱ्यानं घोळ केला."

मी म्हणाले, "असू द्या, मामा." माझ्या चुकीची माफी मी तुम्हालाच दिली.

आता मामी सांगते, तुम्ही पुन्हा सुई घेणार नाही, म्हणता, "परत खोकला येनार, परत वाया जानार. पोरीला लोकांत खाली बघाय लागंल." मामा, तुम्ही खोकलात तेव्हा सुई बाहेर आलेली होती. चारही तुकडे चांगले होते.

हे सांगायला तीनदा फोन लावला आणि उचलायच्या आत कापला. डॉक्टरांनाही अजून सांगितलेलं नाही. प्रकार कळल्याशिवाय औषध सुरू होत नाही, आणि दिवस जात आहेत.

शुक्रवारी, २६ तारखेला, पुन्हा वेळ मिळाली आहे. तुकडे दुसऱ्या कोणी सांभाळावेत असं वाटत असेल, तर मी बाहेर बसेन. सोमाटणे फाट्यावर घ्यायला येईन. येणार की नाही, ते बुधवारपर्यंत कळवा.

तुमची भाची,
बबिता