आत्यानं बायस्कोपाची चूक काढली

माजलगाव, फसली सन १३४०

तीर्थरूप सुंदररावदादांना धाकट्या पंडितचा साष्टांग नमस्कार. तुमचं पोट औरंगाबादच्या पाण्याला एव्हाना रुळलं असेल. आपली चंद्रभागाआत्या ठणठणीत आहे (इतकी, की परवा तिनं अख्खा तंबू डोक्यावर घेतला).

त्याचं असं झालं. तुम्ही दिवाळीला धाडलेली कादंबरी मी गल्लीतल्या बायांना ओसरीवर रोज वाचून दाखवली आणि पुस्तक तुम्हाला परत केलं, इथवर तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी त्यातली विधवा विहिरीत उडी घेते. समोर आत्या बसलेली. नवव्या वर्षी कुंकू पुसलेली, तुम्हाआम्हाला अंगाखांद्यावर वाढवलेली. माझ्याच्यानं ती उडी मोठ्यानं वाचून दाखववेना. मग मीच त्या बाईला काठावरून परत आणलं, मुलींची शाळा काढून दिली, वर एक दुभती म्हैस घेऊन दिली (म्हैस जरा जास्त झाली, कबूल). बाया डोळे पुसत खुशीत घरी गेल्या.

त्याच कादंबरीचा मुका बायस्कोप परवा बाजारतळावर आला. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचायला कंपनीचा एक माणूस होता. नायिका विहिरीकडे निघाली आणि आत्या भर तंबूत उभी राहिली. "ओ मास्तर, चुकताय तुमी. ती मरत न्हाई, शाळा काढती." सारी गल्ली हो म्हणाली. शेजारच्या भिवराबाईंनी म्हैस कुठं आहे ते विचारलं. पडद्यावर उडी पडली तेव्हा कुणी रडलं नाही, सगळ्या रागावल्या. तो माणूसही चिडला. म्हणाला, पुस्तकातही उडीच आहे, पैज लावा. आत्यानं लावली. येत्या शनिवारी उत्तरेश्वर गुरुजींनी तंबूतच पुस्तक वाचायचं ठरलं आहे, आणि ते तुमच्याकडून मागवायचं काम माझ्याकडे आलं आहे. तरी पुस्तक पाठवावे.

आपला,
पंडित

ता.क. पाठवू नका. हरवलं म्हणून कळवा. माझी फजिती होईल त्याचं एवढं नाही. पण ती उडी आत्याला गुरुजींच्या तोंडून, पुस्तकातली म्हणून ऐकावी लागेल. ते मला बघवणार नाही.

आणखी ता.क. आत्या शेजारी येऊन बसली आहे. सांगते ते जसंच्या तसं लिही म्हणते, म्हणून लिहितो: "सुंदर, पुस्तक धाडू नको. पंडित शेवटचे तीन दिस एकाच पानावर वाचत हुता, पान उलटायचं त्याच्या ध्यानातच न्हाई आलं. मला तवाच कळलं. पर भरल्या तंबूत माझ्या लेकराला मी खोटं कशाला पडू देऊ?"