तिसरं कडवं

२० डिसें. २००५, मंगळ. बार्शीटाकळी
सकाळी घरी पोचले. बाबा गेल्यानंतरचा पहिला नाताळ. दारात चांदणी नाही. दादा म्हणाला, "लावू नं, घाई काय हाय?" बाबा असते तर कधीच कामट्या सोलून पतंगाचा कागद चिकटवला असता. आई बारीक झालीय.
पुण्यात आमच्या चर्चची मंडळी गावोगावच्या नाताळगीतांची कॅसेट काढतायत. मी बाबांनी रचलेला पाळणा देणार. दोन कडवी पाठ आहेत, तिसरं अर्धंच.

२१, बुध.
दादालाही तिसरं येत नाही. "मले ते कवाच आवडलं नाई." मला आवडायचं. झोळी हालते, बाळ त्यात नाही... बाबा सांगायचे, हेरोद राजा बाळाला मारेल या भीतीने मरिया-योसेफ त्याला घेऊन मिसर देशाला पळाले, म्हणून झोळी रिकामी. लहानपणी ते पळणं मला फार...
आईला विचारलं. तेल तापलं म्हणून उठली. गॅसवर कढईच नव्हती.

२२, गुरु.
गाण्याच्या फेरीचं यंदा कठीण. अर्धी पोरं पुण्या-सुरतेला कामाला. कापसाची पऱ्हाटी वाळली, इथं थांबून करतील काय! आमच्या वेळी अख्खी गल्ली मागे असायची, सगळ्या धर्माची. दारोदार बोरं, तिळाच्या वड्या. फ्रॉकचा ओचा भरून जायचा.
संध्याकाळी रहीमचाचांकडे. गाद्या भरतात. फेरीत ढोलकी कायम त्यांची. म्हटलं, बाबांचं तिसरं कडवं सांगा. हसले.
"बाबाचं? बेटी, तो तुह्या मायचा पाळना हाय. बापानं नुसतं येशूचं नाव टाकलं त्याच्यात."
आईने कशाला रचला?
"तुह्या दादाच्या आधी एक पोरगा होता नं. वावरात लिंबाले झोळी बांधून कापूस वेचे ती. तापानं गेला." मग एकदम थांबून, "तुले मालूम नव्हतं?"

२३, शुक्र.
काही सुचत नाही. मला आणखी एक भाऊ होता. आणि आम्ही दर नाताळला त्याच्यावर टाळ्या वाजवत...
आई गायची का तेव्हा? कुठे उभी असायची? तिचा चेहरा काही केल्या आठवत नाही. मिसरची गोष्ट बाबांनी तिच्यासाठी जोडली, की स्वतःसाठी? की आमच्यासाठी?
दादाला विचारलं. "होतं मालूम. अर्धंमुर्धं."
करंज्या केल्या. आई सरळ बोलली, मिठाबद्दल, गॅसबद्दल. मीच चाचरत होते.

२४, शनि.
फेरी झाली. मोजकी माणसं, चाचांची ढोलकी. दादाने चांदणी लावली एकदाची. शेवटी आमच्याच दारात आलो. पाळणा मलाच म्हणायला लावला. दोन कडव्यांवर थांबले. ढोलकी थोडी पुढे गेली, मग तीही थांबली.
आई उंबऱ्यातून, "थांबली काहून? आजून हाय नं." आणि तिनेच म्हटलं.
झोळी हालते, बाळ त्यात नाई,
इचारते लिंबाले, तो सांगत काई नाई.
आवाज कापला नाही. मग सगळ्यांना करंज्या वाटल्या, चाचांना दोन जास्त. मला राग आला. कोणाचा, कळलं नाही.

२५, रवि.
उपासनेहून येताना विचारलंच. आई, पाळणा येशूचा की त्याचा?
"दोघायचा." पुढे बरंच चालल्यावर, "गाताना मले समजत नाई, बाई."
त्याचं नाव काय होतं?
"ठेवलंच नव्हतं. नाताळात बाप्तिस्मा करनार होतो."
कॅसेटमध्ये देऊ?
"दे." मग, "नाई तं नको देऊ."
म्हणजे काय करू मी?

२६, सोम. अकोला स्टँड
दादा-आई सोडायला आले. दादा तिकिटाच्या रांगेत. आईने फराळाचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "चौथंबी हाय."
काय?
"कडवं. पन ते मी कोनाले म्हनत नाई."
म्हटलं, मला सांग. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ हललेही. तेवढ्यात दादा तिकीट घेऊन आला, "चाल, चाल, गाडी लागली."