लग्नाला बंदूक आणणार नाही

कळंब,
ता. १७ जानेवारी २०२५

अक्का,

तुला आणि दाजींना बिरूचा नमस्कार. मी इथं बरा आहे, तुम्ही पण सगळे बरे असाल. दीपालीचं लगीन ठरल्याचं दाजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मला लई आनंद झाला, पण तो फोनवर नीट बोलून दाखवता आला नाही. तिला सांग, मामा खूश आहे. नवरा मुलगा बारामतीला कंपनीत आहे आणि सुपारीसुद्धा खात नाही म्हणाले, हे तर फारच चांगलं.

तू म्हणशील फोन असताना पत्र कशाला. फौजेतनं आल्यापासनं मी तुला पत्र लिहिलं नाही. पण तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो. मी बोलतो तुझ्याशी आणि ऐकतं सगळं घर. हे पत्र तू एकटीनं वाच. शेळ्या घेऊन माळाला जाशील तेव्हा वाच.

इकडं यंदा थंडी जास्त आहे. नागूबाई, म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, यांचा गुडघा पुन्हा धरलाय. त्यांचं पाणी मीच भरून देतो. तुरीची आवक सुरू झाली आहे, त्यामुळं यार्डात दिवसभर धूळ असते आणि खोकला जात नाही. काळजी करू नको, औषध घेतलं आहे.

यार्डाचं नाव वाचून तू थांबली असशील. सांगतो.

दाजी म्हणाले, "मामा, येताना बंदूक घेऊन या. अक्षता पडल्या की दोन बार काढा. कळू द्या परंड्याला, फौजीची भाची हाय म्हणून." मी बरं म्हणालो. ते बरं खोटं होतं. लग्नात बार काढणं गुन्हा आहे, परवाना जातो, एवढं सांगितलं असतं तरी विषय मिटला असता. पण खरी गोष्ट अशी की बंदूक माझ्याकडं नाही. मी ती ठाण्यात जमा केली आहे. पतसंस्थेतली नोकरी पण गेली. बिनबंदुकीचा गार्ड त्यांना कशाला पाहिजे? आता मी एका आडत्याच्या गोदामावर राखण करतो. हातात काठी असते. पोत्यांना तोंड लावणाऱ्या जनावरांना तेवढी पुरते.

डिसेंबरात इथं माजी सैनिकांचा सत्कार झाला. त्याचा व्हिडिओ तुमच्याकडं आलाच होता. दाजींनी स्टेटसला ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आमचे मेहुणे.' मी तो बघितला.

त्या दिवशी संस्थेच्या चेअरमननी मला गणवेशात, बंदूक घेऊन स्टेजवर उभं राहायला सांगितलं होतं. फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मग पाहुणे म्हणून आलेले पुढारी साहेब बोलायला उठले. आधी रस्त्याचं बोलले, पाण्याचं बोलले. मग म्हणाले, सरकारनं घरटी एक बंदूक दिली पाहिजे, मग बघा गाव कसं सरळ चालतंय. टाळ्या पडल्या. मग त्यांनी टीव्हीवरचा विषय काढला. "बाप्याला बाप्याशी लगीन करायचाय म्हणं. कोर्टात जात्यात, हक्क मागत्यात. आपल्या जिल्ह्यात असली थेरं न्हाईत. आन् निघालाच कुणी, तर..." असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तर हा आपला फौजी हाय. एका गोळीचं काम."

मांडव हसला, अक्का. पुढं बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबांचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता, आणि तो चांगला ऊबदार होता. मी सरळ समोर बघत राहिलो. फौजेत तेच शिकवलेलं असतं.

खोलीवर आलो आणि टीव्ही लावला. दिल्लीतल्या कुणी मोठ्या बाई त्याच विषयावर बोलत होत्या. ही पण आपलीच लेकरं आहेत, यांना कुठं हाकलणार, असं काहीतरी. मी आवाज वाढवला. मग भिंतीपलीकडं नागूबाईंना ऐकू जाईल म्हणून कमी केला. मग बंदच केला. चांगलं बोलणारी माणसं लांब होती, आणि हसणारी मला रोज रामराम घालणारी होती.

सोमवारी कामावर गेलो. कॅशियर बालाजी चांगला माणूस आहे, त्याचं मन वाईट नाही. काउंटरला गर्दी होती. तो मोठ्यानं म्हणाला, "काय फौजी, घावला का न्हाय अजून एखादा? कधी घालताय गोळी?" लोक हसले. पेन्शनला आलेली म्हातारी माणसं पण हसली.

मी काय ठरवून बोललो नाही. तोंडातून गेलं. मी म्हणालो, "लांब कशाला जाता? मलाच घाला. मी तसाच हाय."

आधी त्यांना चेष्टा वाटली. मग बालाजीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि नोटा मोजायच्या मशीनवरचा हात काढला.  एक बाई पोराला घेऊन दारातल्या दारात माघारी वळली. मी माझ्या स्टुलावर जाऊन बसलो आणि पाच वाजेपर्यंत ड्यूटी केली.

आता लिहिलं आहे ते पुन्हा एकदा नीट लिहितो, म्हणजे तुला वाटायला नको की रागात काहीतरी बोलून गेला. मी तसाच आहे, अक्का. लहानपणापासून आहे. आई माझ्या लग्नाचं बघायची तेव्हा मी सुट्टीच घ्यायचो नाही, ते त्यामुळं.

महांतेश तुला आठवत असेल. उमरग्याकडचा, एसटीत कंडक्टर. आपल्या आबांच्या तेराव्याला माझ्याबरोबर आला होता आणि तुझ्या हातची शेंगाची चटणी बांधून घेऊन गेला होता. तू चुलीपाशी मला विचारलंस, "याचं लगीन का न्हाय झालं रं?" मी चुलीत लाकूड सारत राहिलो. त्यानंतर तू त्याच्याही लग्नाचं कधी विचारलं नाहीस आणि माझ्याही. मी तेव्हाच समजलो की तुला समजलं आहे. नसेल समजलं, तर आता समजलं.

आमच्यात काय होतं ते लिहायला मला शब्द नाहीत. त्याची सकाळची गाडी असली की मी आधी उठून भाकरी करायचो. माझा पाय दुखला की तो बोलायचा नाही, नुसता तेल गरम करायला ठेवायचा. एवढंच होतं. कुठल्याही घरात असतं तेवढं.

त्या सोमवारी संध्याकाळी तो ड्यूटीवरनं आला. त्याला डेपोतच कळलं होतं. दारात उभं राहूनच म्हणाला, "तू तुझं सांगितलंस. माझं सांगायला कुणी सांगितलं होतं?"

"मी तुझं नाव घेतलं न्हाय."

"एका खोलीत राहतो आपण. नाव कशाला घ्यावं लागतंय, बिरू?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता. रोज त्याच्या गाडीत तीच माणसं चढणार, त्यांना तिकिटं द्यायची, सुट्टे पैसे हातात ठेवायचे. गावाकडं म्हातारी आई आहे. मी बोललो तेव्हा मला वाटलं मी एकट्यापुरतं बोललो. त्यानं उमरग्याला बदली मागून घेतली. जाताना त्यानं माझे गणवेश इस्त्री करून ठेवले होते. आता फोन उचलत नाही. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

चेअरमननी मला बोलावून चहा पाजला. ते वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, खातेदार बिचकतात, थोडे दिवस सुट्टी घ्या. मी समजलो. नागूबाईंनी खोली सोडा म्हटलं नाही. पण पूर्वी त्या भाजीची वाटी हातात द्यायच्या, आता उंबऱ्यावर ठेवून हाक मारतात.

बंदुकीचं राहिलं. त्या सुट्टीत एका दुपारी मी ती साफ करत बसलो होतो. साफ करून झाली. तरी मी ती खाली ठेवली नाही. मांडीवर घेऊन तसाच बसलो. किती वेळ ते माहीत नाही. तेवढ्यात नागूबाईंनी हाक मारली, गॅसची टाकी बदलायची होती. मी गेलो, बदलली, आणि परत येऊन बघितलं तर खोलीत ती बंदूक आणि मी, दोघंच. मला तिची भीती वाटली. मी फौजी माणूस, मला बंदुकीची भीती वाटली. घोंगडीत गुंडाळली आणि ठाण्यात गेलो. हवालदारानं विचारलं, "जमा कशापायी करताय? निवडणुकांपुरती जमा करायची असती, त्या तर झाल्या." मी म्हणालो, "घरात एकटा माणूस हाय. एकट्या माणसाच्या घरात नको." तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

घरटी एक बंदूक द्या म्हणणारे साहेब अशा दुपारी कुठल्याच घरात बसलेले नसतात.

तर आता तूच सांग. लग्नात मामा लागतो, दीपालीला मांडवात घेऊन यायला आणि तिच्या पाठीशी उभं राहायला. मी यायला तयार आहे. बंदूक नसेल, आणि कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर आपणहून काही सांगणार पण नाही. तू ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तरी तुझ्यावर राग नाही. पण नको असेल तर ते तू म्हण, दुसऱ्या कुणाकडून सांगू नको.

उत्तराची वाट बघणारा,
बिरू

———

कळंब,
ता. २० फेब्रुवारी २०२५

अक्का,

दीपाली सासरी सुखानं रमली असेल. तुम्ही लग्नाच्या धावपळीतून मोकळे झाला असाल. तुझा पाय सुजला असेल, मिठाच्या पाण्यात ठेव.

माझं पत्र तू दाखवलंस का दाजींच्या हातात पडलं, हे मी विचारणार नाही. त्यांचा फोन आला होता. "तुमी येऊ नका. पोरीच्या सासरचे लोक हायत, उगं बोलणं नको. मामाच्या जागी आमचा चुलतभाऊ उभा राहील. तुमी आजारी हाय म्हणून सांगतो." मी म्हणालो, "बरं, तसं सांगा." मागं तुझ्या बांगड्या वाजत होत्या. तू फोनजवळच होतीस.

येणार नव्हतोच. पण लग्नाच्या सकाळी अंघोळ करून पांढरा सदरा घातला, आणि मग तो घालून खोलीत बसवेना. बार्शीची गाडी धरली, तिथनं परंड्याची. कार्यालयासमोर रस्त्याच्या पलीकडं रसवंती आहे, तिथं उभा राहिलो. आत यायचं नाही हे पक्कं होतं. फक्त माईकवरची मंगलाष्टकं ऐकायची आणि जायचं.

कार्यालयाचं दार उघडंच होतं, लांबून मांडव दिसत होता. माईकवरनं पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." दाजींचे चुलतभाऊ फेटा सावरत पुढं झाले. दीपालीनं त्यांना हात आडवा केला. तोंडानं ती काय म्हणाली ते मला कसं ऐकू येणार? पण ते थांबले. आणि ती एकटीच चालत आली, हिरव्या शालूत, खाली मान घालून. पाठीमागं कुणी नव्हतं. माईकवाला पुन्हा म्हणाला, "मामा कुठं आहेत, मामा?" आणि मांडवातली माणसं माना वळवून शोधायला लागली.

माझे पाय रस्त्यावर पडले होते, अक्का. दोन पावलं टाकली पण होती. मग एक ट्रॅक्टर आडवा गेला आणि मी थांबलो. तिनं माझी जागा रिकामी ठेवली होती, ती भरून तिचं लगीन मोडायचं का? मी तिथंच उभा राहिलो.

तेव्हा तू दाराकडं बघितलंस. मी दिसलो तुला. तू दोन्ही हात कानशिलाशी नेलेस आणि बोटं मोडलीस. दीपाली स्टेजवर होती आणि तुझं तोंड रस्त्याकडं होतं. लोकांना वाटलं असेल लेकीची दृष्ट काढते. आई गेल्यापासनं माझ्यावरनं कुणी बोटं मोडली नव्हती.

अक्षता पडल्या, फटाके वाजले. मी निघालो. जेवलो नाही, पण भूक पण नव्हती. बार्शीच्या स्टँडवर बसून रडलो थोडा. कुणी काही विचारलं नाही, लग्नसराईत स्टँडवर रडणारी माणसं असतातच.

दीपालीला माझं नाव घेऊन काही विचारू नको. तिनं काय केलं ते तिला माहीत आहे, मला माहीत आहे.

महांतेशचा फोन अजून नाही. एकदा उमरग्याला जाऊन यावं वाटतं, त्याच्या गाडीत बसून नुसतं तिकीट काढावं. पण त्याला ते चालेल का, हे कळत नाही. म्हणून गेलो नाही.

आता तुला एकच मागतो. दाजींशी भांड असं म्हणत नाही. मला घरी बोलाव असंही म्हणत नाही. शिवरात्रीची गर्दी ओसरली की पुढच्या रविवारी मी येडशीला रामलिंगला जाणार आहे. मला रविवारी सुट्टी असते. देवाला जाते म्हटलं तर तुला कुणी अडवणार नाही. आपण ओढ्याकाठी बसू. तू काही बोलायची गरज नाही, मी पण नाही बोललो तर चालेल. माकडं लई झाली आहेत तिथं, खायला आणू नको.

नाही जमलं तर त्याच्या पुढच्या रविवारी. त्याच्याही पुढच्या. मी जातच राहीन.

तुझा पाठचा,
बिरू