गाडी चार बोटं खाली

१५ मे
साप्ताहिक सुट्टी. आईचा गुडघा दाखवायला सावंगीच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, यांना चालवा पण चढवू नका. परत निघताना पिकअपमध्ये चढतानाच तिचा पाय दाराशी सटकला, नडगी सोलली. पदराने रक्त पुसलं तिनं. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "काका, बुढ्या माणसाले अशा उंच गाडीत काऊन बसवता?"
गाडी जुनी, चारही चाकं ओढणारी, जंगलातल्या रस्त्यासाठीच घेतलेली. दादाची आणि माझी, दोघांची. होळी झाली की माझ्याकडे वर्ध्याला, मृग लागला की दादाकडे शेतावर. हिंगणीच्या पुढे नाला ओलांडून आमचं गाव. ट्रॅक्टर सोडला तर दुसरं काही तिकडे जात नाही पावसाळ्यात.

२२ मे
सेलूला सलीमच्या गॅरेजमध्ये. चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे कमी करून गाडी खाली करता येईल का, विचारलं.
"करता येते भाऊ. पण पायरी लावू ना. मृगात हे गाडी शंकरभाऊकडे जाते. नाल्यातले गोटे पोटाले लागतीन तिच्या."
पायरी आधी लावून पाहिली होती, आईचा गुडघा एकाऐवजी दोनदा वाकतो. हे खरं. चढता-उतरताना माझी कंबर धरते हेही खरं. ते सलीमला सांगितलं नाही.
"शंकरभाऊले विचारलं ना?"
"हो, बोललो."
पेपरातली बातमी असती तर दुसऱ्या बाजूला फोन लावल्याशिवाय एक ओळ सोडली नसती. इथं सोडली.

२३ मे
मागचे दोन-दोन पाटे काढले, पुढचा एकेक. गाडी चार बोटं खाली आली. आई स्वतःची स्वतः बसली. खूश. सीटवर हात फिरवून म्हणाली, "शंकरले मालूम हाये ना?"
"त्यानंच तर सांगितलं, कर म्हणून."
का म्हणालो? नुसतं हो पुरलं असतं.

७ जून
मृग. दादाचा फोन ऐन पेपरचं पान लावायच्या वेळी.
"गाडी कधी आणतो? बियाणं आणाचं हाये."
क्लच गेलाय म्हणालो. सलीमने ठेवून घेतली आहे. गाडी खाली खिडकीखाली उभी होती, बोलता बोलता दिसत होती.
"बरं. घाई नको करू," दादा म्हणाला.

११ जुलै
दादाने खतासाठी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घेतला. दोन दिवस त्याची वाट पाहावी लागली, हे बोलण्याच्या ओघात सांगितलं. तक्रार नव्हती. "तुह्या क्लचचं काय झालं?" एवढंच विचारलं. पार्ट यायचाय म्हणालो.
रविवारी सांगून टाकायचं.

१४ जुलै
रविवार. सांगितलं नाही.
रोज ऑफिसला याच गाडीने जातो. चालते छान. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

२५ ऑगस्ट
आईने गावी जायची पिशवी भरायला काढली. पोळ्याला आठ दिवस. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे, हळद-तूप लावायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आमच्या घरी आवतन आईच देते. ती सून म्हणून आली तेव्हापासून. तूप तिनं इथंच कढवलं.
सलीमला फोन. पाटे परत बसव.
"ते गेले भाऊ दुसऱ्या गाडीले. तुम्हीच म्हटलं होतं, ठेवू नको. नवे नागपूरहून मागवा लागतीन. पोळ्यापर्यंत नाई होत, माणसं गावाले चालले."
भाड्याची कार नाल्याच्या अलीकडेच थांबेल. ट्रॅक्टरवर आई चढणार नाही. दोन दिवस ऊन आहे, नाला उतरेल. उतरला तर निघून जाईल गाडी.
दादाला फोन करायला हवा होता.

१ सप्टेंबर
सगळं लिहितो, नाहीतर उद्या सोयीचं तेवढंच लिहीन.
दुपारी नाल्यावर पोचलो. नाल्यातला फरशीचा रपटा मागच्या पावसात फुटलेला, मोठे गोटे उघडे. पाणी गुडघ्याच्या खाली. एवढ्यातून ही गाडी पूर्वी कितीदा गेली. पुढची चाकं गोट्यावर चढून पलीकडे उतरली आणि खालून मोठा आवाज आला. गिअरबॉक्सचं पोट दगडावर टेकलं. ना पुढे, ना मागे. आईने दोन्ही हातांनी तुपाचा डबा धरला होता.
पलीकडे दादा बैल धूत होता. त्याने बैल झाडाला बांधले, गावातली माणसं गोळा करून आणली आणि गाडी उचलून मागे ढकलली, अलीकडच्या काठावर. एकजण म्हणाला, "शंकरभाऊ, हे तं बदकावानी बसली ना गाडी." सगळे हसले. मीही हसलो.
दादा म्हणाला, "आई, थांब, बंडी जुंपून आणतो."
"आज या बैलायच्या मानेवर जू? डोकं फिरलं का तुह्यं?"
बरोबरच होतं. खांदशेकणीच्या दिवशी बैल जुंपत नाहीत. दादालाही ठाऊक होतं. तरी विचारलं त्याने.
उचलून नेतो म्हणाला, तर त्या निसरड्या गोट्यांवरून नको म्हणाली. "तू पडशील, मंग दोघं पडू."
मग आईने त्याच्याकडे पाहिलं. "तुले नाला मालूम होता. गाडी खाली करासाठी हो काऊन म्हटलं तू?"
दादाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.
"चुकलं, आई," तो म्हणाला.
तेव्हा बोलायचं होतं. माझं तोंड उघडलंही असेल.
दादा बैल पाण्यातून अलीकडे घेऊन आला. गाडीचं दार उघडं, आई सीटवर पाय बाहेर सोडून बसलेली. दोन्ही बैलांच्या खांद्यांना तिथूनच हळद-तूप लावलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जेवायला वाढायला ती तिथं नसणार.
गाडी वळवताना दादा माझ्या खिडकीशी आला. हळू बोलला.
"सलीम भेटला होता बाजारात. महिना झाला."
"मग बोलला का नाहीस?"
"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."
वर्ध्यापर्यंत तुपाचा डबा आईच्या मांडीवरच होता.

२ सप्टेंबर
पोळा. पुरणपोळ्या शेजारच्यांनी आणून दिल्या. आईने अर्धी खाल्ली. दादाचा सकाळी फोन आला होता. आई म्हणाली, "त्याले सांग, मी आंघोळीले गेली." गेली नव्हती.
मी तसंच सांगितलं. आता हेही माझ्याच खात्यात.

४ सप्टेंबर
सा. सुट्टी. सलीमकडे नवे पाटे सांगून आलो. तो म्हणाला, "शंकरभाऊ तं हो म्हटले होते ना?" त्याला सगळं ठाऊक आहे. मला बोलण्याची संधी देत होता. म्हणालो, नाही, मी विचारलं नव्हतं. त्याने पाना पुसला आणि कामाला लागला.
सलीमला सांगणं सोपं गेलं.
घरी आई दादाबद्दलच बोलत होती. "मोठा असून इतकं कळू नये. मायले घरी येता येईन का नाई, एवढं तरी पाहावं." दुपारभर तेच. मी पेपर चाळत होतो.
संध्याकाळी दादाचा फोन.
"आई बोलते का?"
आई समोरच भाजी निवडत होती. नाव न घेताही कळलं तिला. मान हलवली, नाही म्हणून.
"तब्येत बरी हाये ना तिची?" दादा विचारत होता. "मी काई बोलणार नाई गाडीचं. तिचा आवाज आयकाचा होता फक्त."
थांब म्हणालो त्याला. फोन बंद केला नाही. तो तसाच हातात धरून आईच्या समोर जाऊन बसलो. तिनं भाजीचं ताट बाजूला सरकवलं.
"काय झालं रे?" ती म्हणाली.